नकाशावर घर काढताय? मग गंजी आणि गोठा आधी ओळखा

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा आणि कुणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. २०१५ ला नेपाळात भूकंप झाला तेव्हा हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाचे फोटो बघून तिथली घरं, रस्ते यावर काढले आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. माणसं कुठं राहतात हे अशा वेळी घरांच्या आकारावरूनच धरलं जातं. म्हणून कडब्याची गंजी घर म्हणून काढली तर पथक रिकाम्या रानात जाईल, आणि डोंगराकडची वस्ती सुटली तर तिकडं कुणी फिरकणारच नाही.

बाहेरच्या माणसाला वरून पत्रा दिसतो, त्याखाली माणसं आहेत की म्हशी हे दिसत नाही. ते आपल्यालाच माहीत. म्हणून नुसतं 'बिल्डिंग=येस' ठेवू नका. ही खूण म्हणजे 'काहीतरी बांधकाम आहे' एवढंच. राहतं घर असेल तर 'हाऊस', गोठ्याला 'काऊशेड', पॉलिहाऊसला 'ग्रीनहाऊस', देवळाला 'टेंपल'. कांदाचाळीला 'फार्म ऑक्झिलरी' चालतं, म्हणजे शेतावरचं पण राहतं नसलेलं बांधकाम. शेततळं इमारतीत धरायचं नाही. मजले लिहिताना तळमजला धरून मोजायचे. आपण दुमजली म्हणतो तिथं २. घरमालकाचं नाव मात्र टाकू नये.

आता आकाराचं. फोटो कधी कधी जागेवरून काही मीटर सरकलेला असतो, डोंगराळ भागात जास्तच. रस्त्यावरून चालून घेतलेल्या जीपीएसच्या दोन-तीन नोंदींशी फोटो जुळवून घ्या, मगच काढायला बसा. उंच इमारत फोटोत एका बाजूला कललेली दिसते. अशा वेळी छपराचा आकार काढून तो पायथ्यावर सरकवावा. कोपरे काटकोनात करायला संपादकात बटण आहे, पण गावठाणातली जुनी घरं कुठं सगळी काटकोनात असतात? तिरकं आहे ते तिरकंच राहू द्या. चौसोपी वाड्याचा मधला चौक मोकळा ठेवायचा असेल तर बाहेरचा आणि आतला आकार वेगळा काढून दोन्ही 'मर्ज' करायचे.

गुगल मॅप बघून नक्कल करायला परवानगी नाही. संपादकात बिंग किंवा एसरीचे फोटो दिलेले असतात, ते वापरा. मोबाईलवर आकार काढणं जिकिरीचं, ते काम कॉम्प्युटरवर बरं. पण अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकंप्लीट ॲप समोरच्या इमारतीचा प्रकार आणि मजले विचारतं, ते पारावर बसूनही भरता येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या रेषेला बांधाच्या किंवा जागेच्या वादात काडीची किंमत नाही. मालमत्ता पत्रक मिळतं ते २०२० च्या स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीतून, ते काम सरकारी.

जुनं घर पाडून स्लॅब टाकला असेल तर आकार पुसून नवा काढू नका, आहे तोच ओढून दुरुस्त करा, म्हणजे मागचा इतिहास राहतो. फोटो जुना असेल तर तिथं तशी टीप लिहा. नाहीतर दुसरा कुणी फोटो बघून पाडलेलं घर परत उभं करतो.