जनाबाई विठ्ठलाला शिव्या का देते? वारकऱ्यांच्या साध्या प्रार्थनेची गोष्ट

देवाकडे काही मागायचं तर संस्कृत श्लोक यायला हवेत, विधी चुकायला नको, अशी अनेकांची समजूत असते. वारकरी संतांनी ही अट सातशे वर्षांपूर्वीच बाजूला ठेवली. त्यांनी विठ्ठलाला आई मानलं, 'विठू माउली' म्हटलं. आणि आईशी बोलताना मूल शब्द जुळवत बसत नाही.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे संत जनाबाई. जन्म गंगाखेडचा, आजच्या परभणी जिल्ह्यातला. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला आली आणि आयुष्यभर स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवत राहिली. तिची प्रार्थना देवघरात बसून केलेली नाही. दळण, धुणं, शेण्या गोळा करणं हे सगळं चालू असतानाच ती देवाशी बोलते. तिच्या अभंगांत विठ्ठल जात्यावर हात लावतो, तिची वेणीफणीही करतो. आणि चिडली की ती त्याला थेट एकेरीत हाक मारते, तो मेला, त्याची बायको विधवा झाली, असंही सुनावते! आजच्या कमेंट सेक्शनमध्ये यावर नक्कीच भावना दुखावल्या असत्या. वारकरी मात्र याला प्रेमाचं भांडण समजतात.

नामदेवांची नैवेद्याची आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असते. घरच्यांनी लहान नाम्याला नैवेद्य घेऊन देवळात पाठवलं. देव खरंच जेवतो, असंच त्याला वाटत होतं. ताट तसंच राहिलं तेव्हा तो रडला, हट्टाला पेटला, आणि शेवटी देव जेवला. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत. त्यातल्या एकात हाच प्रसंग येतो, फक्त तिथे देव दूध पितो.

पण या सगळ्याला नुसतं 'निरागस' म्हणून सोडून देणं बरोबर नाही. मनातलं जसंच्या तसं बोलायचं म्हटलं की त्यात तक्रारही येतेच. संत चोखामेळा महार समाजातले. त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तसाच थेट सवालही आहे: देवा, जन्म तूच दिलास, मग मी विटाळ कसा? मंगळवेढ्यात गावकुसाचं काम सुरू असताना भिंत कोसळून ते गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. म्हणजे देवळाच्या बाहेरच.

त्यांच्या समाजाला आत जाता यावं यासाठी साने गुरुजींना 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. ते 10 मे रोजी सुटलं आणि त्यानंतर विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडलं.