जोना लोमू आणि रग्बीतील हौशीपणाचा अस्त

रग्बीच्या इतिहासात ‘हौशी’ हा शब्द केवळ वृत्तीचा वाचक नव्हता. तो वर्गाचाही वाचक होता. यॉर्कशायर व लँकेशायर येथील गिरण्या-खाणींतील कामगारांना सामन्यासाठी रोजगार बुडवावा लागे. या बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊ द्यावी, ही उत्तरेकडील क्लबांची मागणी इंग्लंडच्या रग्बी संघटनेने १८९३ साली फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे या क्लबांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापिली. तिच्यातूनच पुढे ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ उदयास आला. मूळ खेळात, म्हणजे ‘रग्बी युनियन’मध्ये, मोबदला घेणारा खेळाडू यानंतर शंभर वर्षे बहिष्कृतच मानला गेला.

हे शतक सरत असता जोना लोमू पुढे आला. १९७५ साली ऑकलंड येथे टोंगन कुटुंबात जन्मलेला लोमू १९९४ मध्ये, अवघ्या १९ वर्षांचा असता, न्यूझीलंडचा सर्वांत तरुण कसोटी खेळाडू ठरला. १८ जून १९९५ रोजी केप टाउन येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ‘ट्राय’ नोंदविले. पाचच दिवसांनी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या संघटनांचा दहा वर्षांचा दूरचित्रवाणी-करार जाहीर झाला. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिस येथे हौशीपणाचे बंधन उठविले.

लोमूच्या खेळामुळेच हे घडले, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु असा करार पाच दिवसांत सिद्ध होत नाही. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या प्रक्षेपणावरून भांडवलदारांत चुरस लागली होती, आणि आपले खेळाडू तिकडे ओढले जातील ही धास्ती युनियनच्या चालकांना होती. लोमू या स्थित्यंतराचे कारण नव्हे, तर त्याचे सर्वांत ठळक प्रतीक होय.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान झाले. तथापि २००२ पर्यंत तो ६३ कसोटी सामने खेळला व त्यांत ३७ ट्राय त्याच्या नावे लागले. २००४ साली मूत्रपिंडारोपण झाल्यावरही तो धंदेवाईक खेळात परतला. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

१८९५ चा प्रश्न श्रमाच्या मोबदल्याचा होता. १९९५ साली मोबदला मान्य झाला तो श्रमाचा हक्क पटला म्हणून नव्हे, तर प्रक्षेपणाचे मूल्य वाढले म्हणून. ‘हौशीपणाचा अस्त’ या शब्दप्रयोगात हा भेद झाकला जातो. इतिहासकाराने तो उघड करणे अगत्याचे आहे.