डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडऐवजी जेनेरिक गोळी घेतली तर चालते का?

बीपी किंवा शुगरची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. त्यामुळे 'जेनेरिक चालेल का?' हा प्रश्न थेट महिन्याच्या खर्चाचा असतो.

नव्या औषधाचं पेटंट २० वर्षांचं असतं. ते संपलं की इतर कंपन्याही तेच औषध बनवू शकतात. हेच जेनेरिक. पण भारतात खरा घोळ पुढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक 'ब्रँडेड' गोळ्या या मूळ संशोधक कंपनीच्या नसतातच. त्याही जेनेरिकच, फक्त कंपनीने त्यांना आपलं नाव दिलेलं. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो या तिन्हींत औषध एकच आहे, पॅरासिटामॉल. म्हणजे तुलना 'अस्सल विरुद्ध नक्कल' अशी नाहीच. ब्रँडच्या किमतीत जाहिरात आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचा खर्चही धरलेला असतो.

मग डॉक्टर का कचरतात? त्यांची शंका अगदीच निराधार नाही. गोळीतलं औषध रक्तात किती आणि किती वेगाने उतरतं, हे तपासणारी बायोइक्विव्हॅलन्स चाचणी पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेल्या अनेक औषधांना ही अट नव्हती. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं), फेनिटॉइन (फिट्सचं) आणि थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन यांच्या मात्रेत थोडा फरकही महागात पडू शकतो. ही औषधं डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत. ब्रँडवरून जेनेरिकवर नाही, आणि एका ब्रँडवरून दुसऱ्या ब्रँडवरही नाही.

केमिस्टला मात्र उगाच दोष दिला जातो. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर शेड्यूल एच औषधाच्या जागी दुसरी कंपनी, अगदी तोच घटक असला तरी, देण्याची नियमाने त्याला मुभा नाही. निर्णय चिठ्ठीवरच होतो. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला होता. डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात तो स्थगित झाला.

त्यामुळे विचारायचं ते दवाखान्यातच: "डॉक्टर, घटकाचं नाव लिहून द्याल का? जनऔषधीतून घेतलं तर चालेल?" जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासून आहे.

स्ट्रिप हातात आली की घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि पुढची अक्षरं चिठ्ठीशी ताडून पाहा. 'मेटफॉर्मिन ५००' आणि 'मेटफॉर्मिन एसआर ५००' एकच नाहीत. एसआर गोळी हळूहळू विरघळते. आणि छापील किंमतही बघा. काही जेनेरिकवर ती ब्रँडच्या जवळपास असते, तेव्हा स्वस्ताईचा फायदा गिऱ्हाइकाला नाही, दुकानदाराला होतो.