पुरापूर्वीचे न्यू ऑर्लिन्स आणि एक शर्यत

जुलै 2005. चार-चार जणांची 10 कुटुंबे न्यूयॉर्कहून निघाली. बक्षीस 10 लाख डॉलर. सीबीएस वाहिनीवरील ‘द अमेझिंग रेस’ या स्पर्धेचे हे आठवे पर्व.

एरवी दोघादोघांच्या जोड्या विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करीत. या खेपेस मुले सोबत होती, सर्वांत धाकटे आठ वर्षांचे. पनामा, कोस्टा रिका आणि अखेरीस कॅनडा वगळता सारी धावपळ अमेरिकेतच, बहुतांशी गाडीने झाली. नेहमीचे प्रेक्षक रुसले. देशोदेशींचे दर्शन हरवल्याची त्यांची तक्रार रास्तच होती. पुढच्याच पर्वात जोड्या परतल्या.

पण या वाटेवर न्यू ऑर्लिन्स होते, जॅझ संगीताचे माहेरघर. स्पर्धकांना ते पाहायला सवड कुठली? पुढचा संकेत हाती पडला की गाडी पुढे.

चित्रीकरण जुलैअखेर संपले. 29 ऑगस्टला कतरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, संरक्षक बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. हजाराहून अधिक माणसे दगावली. लाखो विस्थापित झाली.

मालिकेचे प्रसारण 27 सप्टेंबरला सुरू झाले. न्यू ऑर्लिन्सचा भाग ऑक्टोबरमध्ये दिसला, तेव्हा असंख्य रहिवासी अजून परमुलुखात आसऱ्याला होते. पडद्यावर मात्र रस्ते कोरडे होते, आणि शेवटचा क्रमांक येऊन बाहेर पडावे लागेल, एवढीच त्या कुटुंबांना धास्ती होती.