बिबा का उततो?

‘बिबा उतला’ एवढे दोन शब्द उच्चारले की दुखणे कोणते, ते कशाने झाले आणि किती दिवस सोसावयाचे हे सर्व ऐकणाऱ्यास कळते. रत्नागिरीजवळील मिरजोळे गावाचे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे पुष्कळांच्या कानावर असले, तरी भोवतालचा मुलूख आंब्याकाजूचा आहे. आंबे उतरविणाऱ्याच्या गालावर देठाचा चीक उडाला, किंवा काजूगर काढणाऱ्या बाईच्या बोटांस टरफलातील तेल लागले, तर होणारे दुखणे त्याच जातीचे असते. बिबा, आंबा व काजू हे एकाच कुळातील वृक्ष असून त्यांच्या चिकातील दाहक द्रव्येही एकमेकांची भावंडेच होत. काजू तेवढा परका. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला.

आपल्या पूर्वजांस बिब्याचा हा गुण चांगला ठाऊक होता. चरकसंहितेत भल्लातकास अग्नीची उपमा दिली आहे आणि तो देण्याच्या रीतीविषयी सावधगिरीही सांगितली आहे. परंतु त्याच ग्रंथात विचर्चिकेची, म्हणजे पुष्कळ वैद्य जिला आजचा इसब समजतात तिची, गणना क्षुद्रकुष्ठांत केली आहे. ग्रंथकाराच्या मनात ‘कुष्ठ’ शब्दाचा अर्थ व्यापक होता. लोकांच्या तोंडी तो महारोगापुरता आकुंचित झाला, आणि बिचाऱ्या इसबाच्या रोग्यास त्याचा भुर्दंड भरावा लागला. त्याचे रक्त नासले, त्याचे पंचे निराळे ठेवा, अशी भाषा सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. वस्तुतः इसब एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही.

खरे कोडे निराळेच आहे. एकाच भट्टीवर शेजारी बसून काजू फोडणाऱ्या दोघींपैकी एकीचे हात सुजतात आणि दुसरीस काही होत नाही, असे का व्हावे? बिब्याचे कच्चे तेल पुरेसे लागले तर ते कोणाचीही कातडी भाजते. ती गोष्ट वेगळी. येथे प्रश्न अत्यल्प स्पर्शाचा आहे. वर्षानुवर्षे निर्धास्तपणे काम करणाऱ्या बाईस एखाद्या हंगामात एकाएकी त्रास सुरू होतो, याचा उलगडा नुसत्या चिकाच्या तीक्ष्णपणाने होत नाही.

सन १८९५ मध्ये यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या औषधाने अंग उठलेल्या रोग्याच्या निरोगी कातडीवर तेच औषध पट्टीने लावून पाहिले, तो तेथेही पुरळ उठले. दोष द्रव्यात नसून त्या माणसात आहे, एवढे त्यावरून ठरले. पण माणसात म्हणजे कोठे? त्या काळच्या पंडितांची दृष्टी रक्तातील निवळ भागावर, म्हणजे सीरमवर, खिळली होती. त्यास सबळ कारणही मिळाले. क्यूस्टनर यास मासे सोसत नसत. १९२१ मध्ये त्याचे सीरम प्राउस्निट्स याने स्वतःच्या कातडीत टोचून घेतले व नंतर त्या जागी माशांचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांध उठली. स्पर्शजन्य इसबाने मात्र या रीतीस दाद दिली नाही.

शेवटी १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत लँडस्टाइनर व चेस यांनी रसायनाने संवेदनशील केलेल्या गिनीपिगांच्या पांढऱ्या पेशी इतर निरोगी गिनीपिगांस टोचल्या. सीरमने जे होत नव्हते ते पेशींनी झाले. त्या जनावरांस पूर्वी कधीही न भेटलेले रसायन बाधू लागले. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या लँडस्टाइनरचे हे अखेरच्या दिवसांतले काम. पुढच्याच वर्षी तो वारला.

त्याच १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हिंदुस्थानातील अमेरिकन सैनिकांस होणाऱ्या एका विचित्र पुरळाची हकीकत त्यांच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. धोब्याने कपड्यावर बिब्याची खूण जेथे केलेली असे, नेमके तेथेच अंग उठे. कपडा धुतलेला, खूण वाळलेली. तरी सुटका नाही. मौज अशी की, अमेरिकेतील पॉयझन आयव्ही नावाची विषारी वेल बिब्याच्याच कुळातील आहे. ती ज्यास एकदा बाधली, त्याच्या पेशी बिबा न पाहताच त्यास ओळखून असतात!

ही ओळख होते कशी? १८६८ मध्ये बर्लिन येथे लांगरहान्स या विद्यार्थ्याने सुवर्णक्षाराने रंगविलेल्या कातडीत फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे मानले. त्या प्रत्यक्षात पहारेकरी निघाल्या, हे कळावयास शतक लोटले. चिकातील द्रव्य कातडीतील प्रथिनास चिकटले की अशा पेशी ती वार्ता जवळच्या लसीकाग्रंथीत पोचवितात. तेथे टी-पेशींस ते रूप पाठ होते. या पेशी ज्या थायमस ग्रंथीत तयार होतात तिचे महत्त्व मिलर याने १९६१ मध्ये दाखविले. पहिल्या भेटीत बाहेर बहुधा काहीच दिसत नाही, आणि शिक्षण मात्र दहाबारा दिवसांत पुरे होते. पुढच्या स्पर्शानंतर या पेशी जागेवर जमावयास एकदोन दिवस लागतात. म्हणून परवाचा चीक आज उततो.

लहान मुलांच्या इसबाचा प्रकार याहून भिन्न आहे. त्यात टी-पेशींचा एक विशिष्ट वर्ग वरचढ झालेला आढळतो; परंतु पुष्कळ रोग्यांत कातडीची भिंत बांधणारे फिलॅग्रिन हे प्रथिनच जन्मतः उणे असते, असे २००६ मध्ये दिसून आले. पेशी आधी बिघडतात की भिंत, हा वाद अद्याप संपलेला नाही, आणि माझ्या मते तो इतक्यात संपणारही नाही.

काजू फोडणाऱ्या बायका हातांस तेल किंवा राख चोळतात. त्याने चीक थोडा अडतो. ‘सवयीने अंगवळणी पडेल’ ही समजूत मात्र सरसकट खरी मानता येत नाही. काहींचे अंग सरावते, पण पुष्कळांत प्रत्येक हंगाम पेशींचा पाठ अधिकच पक्का करतो. मलमाने सूज उतरते, पाठ विसरला जात नाही. पट्टीच्या परीक्षेने डॉक्टर तिला कारण दाखवून देईल आणि भट्टी सोडावयास सांगेल. पण हंगामाची मजुरी तिला त्याच भट्टीवर मिळत असते.