पिन कोड : टपालाच्या थैलीचा नकाशा

महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात काम करीत असताना एक तरुण माझ्याकडे तक्रार घेऊन आला. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याने पिन कोड लिहिला, की संगणक आपणहून शेजारच्या जिल्ह्याचे नाव टाकी. खरा जिल्हा लिहिला, की पिन कोड चुकीचा ठरवी. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. चौकशीअंती कळले, की त्याचे गाव आमच्याच जिल्ह्यात, पण गावाचे टपाल वाटणारे कार्यालय जिल्ह्याच्या सीमेपलीकडे. म्हणजे दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. रहिवासाचा दाखला जोडून आम्ही कागदी अर्ज पाठविला आणि तो स्वीकारला गेला. परंतु अर्जाची प्रणाली रचणाऱ्यांना पिन कोड कशासाठी असतो हेच ठाऊक नव्हते, हे माझ्या मनात घर करून राहिले.

पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव व टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. मराठी वाचकांना त्यांची दुसरी ओळखही असावी : ते संस्कृतचे मान्यवर कवी होते.

त्यांच्यापुढची अडचण आपल्या देशाचीच म्हणावी अशी होती. पत्ते अनेक भाषांत, अनेक लिप्यांत आणि तऱ्हेतऱ्हेच्या हस्ताक्षरांत लिहिलेले; त्यात गावांची नावे सारखी. बिलासपूर हिमाचलात आहे, तसे छत्तीसगडातही. हमीरपूर हिमाचलात आहे आणि उत्तर प्रदेशातही. पण १७४००१ आणि ४९५००१ यांत कोणाचीही गफलत होत नाही, मग छाननी करणाऱ्याला पत्त्याची भाषा येवो वा न येवो. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा. तिसऱ्या अंकासह थैली वर्गीकरणाच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचते. उरलेले तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. हा ‘जिल्हा’ टपाल खात्याचा, महसुलाचा नव्हे. आमच्या तरुणाचा अर्ज अडला तो नेमका येथे.

वेलणकरांच्या रचनेचे मर्म मला यातच दिसते. थैली ज्या वाटेने जाते तिला अनुसरून अंक दिले गेले. राज्यांची सीमा सोयीची असेल तेथे पाळली, नसेल तेथे सोडली. माहे हा पुदुच्चेरीचा भाग, पण त्याचा क्रमांक ६७३३१० केरळच्या मालिकेतला. यानमचा ५३३४६४ आंध्रच्या. लक्षद्वीपमधील कवरत्तीचा ६८२५५५ पुन्हा केरळचा. पणजीचा ४०३००१ महाराष्ट्राच्या मालिकेत बसतो. १९८७ साली गोवा राज्य झाले तरी त्याला धक्का लागला नाही. सिक्कीम १९७५ साली भारतात आले आणि गंगटोकला ७३७१०१ हा बंगालच्या मालिकेतला क्रमांक मिळाला. २००० साली तीन नवी राज्ये झाली. त्यांच्या सचिवालयांच्या पाट्या बदलल्या, पण देहरादूनचा २४८००१ उत्तर प्रदेशाच्या मालिकेत आणि रांचीचा ८३४००१ बिहारच्या मालिकेत तसाच राहिला. राज्यांप्रमाणे अंक वाटले असते, तर प्रत्येक पुनर्रचनेत लाखो पत्ते बदलावे लागले असते. (आमच्या खात्यांनी नाव बदलल्यावर नवे शिक्के करून घेण्यात किती महिने घालविले, ते मी पाहिले आहे.)

नऊ हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला. जवानाच्या पत्त्यावर गाव नसते. तो कोठे आहे हे घरच्यांनाही कळू नये, पण पत्र मात्र पोहोचावे, अशी ती सोय.

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने डिजिपिन आणला. तो दहा अक्षर-अंकांचा असून सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवितो. नेमकी जागा सांगणे हे त्याचे काम आहे. जुन्या सहा अंकांकडून ते मागणेच चूक होते.

त्या तरुणाला शिष्यवृत्ती मंजूर झाली. मंजुरीचे पत्र त्याच्या घरी पोहोचले ते अर्थात सीमेपलीकडच्या त्याच कार्यालयातून.