नत्राच्या जमाखर्चांतील कोडें

रोजचा जमाखर्च लिहून ठेवण्याची संवय ज्या गृहस्थास आहे, त्यास एक अनुभव हमखास आलेला असतो. महिनाअखेर वही मिटवावयास बसावें, तों जमेपेक्षां खर्च चार आणे अधिक निघावा! रक्कम क्षुल्लक असते, रात्रहि बरीच झालेली असते. म्हणून बहुतेक लोक तो फरक ‘किरकोळ’ ह्या सदराखालीं ढकलून निजावयास जातात. शास्त्राच्या वहींतहि अशीं ‘किरकोळ’ सदरें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक सदर सुमारें पासष्ट वर्षें तसेंच पडून राहिलें होतें. आणि तें उघडलें तेव्हां त्यांतून मनुष्यदेहाचें एक शस्त्र बाहेर आलें. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

सन १९१६ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मिचेल, शोन्ल व ग्रिन्डली ह्या तिघां रसायनज्ञांनीं मूत्रांतील नायट्रेटाचा उगम शोधण्याचा यत्न केला. नायट्रेट म्हणजे सोऱ्यांत असतें तें नत्राचें संयुग. भाजीपाला व पाणी ह्यांतून तें थोडेंबहुत आपल्या पोटांत जातें आणि मूत्रावाटे बाहेर पडतें, ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, अन्नांतून जितकें जातें त्याहून अधिक बाहेर येतें असें त्यांस आढळलें. हें अधिक नायट्रेट देहांतच कोठें तरी तयार होत असलें पाहिजे, हें अनुमान उघड होतें. पण त्याचा पाठपुरावा कोणी केला नाहीं.

ह्या उपेक्षेस त्या काळीं सबळ कारणें होतीं. नत्राचा प्राणवायूशीं संयोग घडवून सोरा बनविणें हें मातींतील जीवाणूंचें काम, असें विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० मध्यें सिद्ध केलें होतें. जुन्या गोठ्यांच्या मातींत सोरा सांपडतो तो ह्याच सूक्ष्म कारागिरांमुळें. सस्तन प्राण्यांच्या पेशींस ही कला अवगत असेल असें कोणाच्या मनांत येईना. शिवाय, नत्र व प्राणवायु ह्यांच्या संयुगांची कीर्ति चांगली नव्हती. नायट्रिक ऑक्साइड हा वायु प्रीस्ट्ली ह्यानें अभ्यासून १७७२ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें हंफ्रे डेव्ही ह्या साहसी तरुणानें तो हुंगून पाहिला, तेव्हां त्याच्या तोंडाची व घशाची आग होऊन प्राणावर बेतलें. तो प्रसंग त्यानें १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केला आहे. हाच वायु पुढें मोटारींच्या धुरांत व विड्यासिगारेटींच्या धुरांत सांपडूं लागला. असलें विष देह आपल्या हातानें तयार करील, ही कल्पना वेडेपणाचीच वाटली असती.

वही पुन्हां उघडली ती भीतीमुळें. १९५६ मध्यें मॅगी व बार्न्स ह्यांनीं नायट्रोसामीन वर्गांतील एका द्रव्यानें उंदरांच्या यकृतांत कर्करोग होतो असें दाखविलें. मांस टिकविण्यासाठीं घालतात तें नायट्राइट पोटांत गेल्यावर अशींच द्रव्यें तयार करूं शकतें, हें पुढें ध्यानांत आलें. तेव्हां माणसाच्या पोटांत नायट्राइट व नायट्रेट येतें तरी कोठून, ह्याचा हिशेब मागणें भाग पडलें. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत स्टीव्हन टॅननबाउम व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्वयंसेवकांस मोजूनमापून अन्न दिलें व त्यांच्या मूत्राची तपासणी केली. १९१६ सालचा तोच फरक १९७८ मध्यें त्यांसहि आढळला. प्रथम त्यांनीं आंतड्यांतील जीवाणूंवर संशय घेतला. परंतु १९८१ मध्यें ज्यांच्या देहांत एकहि जीवाणु नाहीं अशा, जंतुरहित पिंजऱ्यांत वाढविलेल्या उंदरांची परीक्षा झाली. आणि तेहि नायट्रेट बनवितात असें दिसून आलें. भाडेकरू निर्दोष ठरला; संशय घरमालकावर आला.

पुढचा दुवा हातीं लागला तो एका दुखण्यामुळें. ह्या प्रयोगमालेंतील एका स्वयंसेवकास ताप आला व जुलाब होऊं लागले. एरवीं अशा मनुष्यास प्रयोगांतून वगळावयाचें, हाच शहाणपणा; पण त्याच्या मूत्रांतील नायट्रेट एकाएकीं फार वाढल्याचें संशोधकांच्या नजरेस आलें. त्यांनीं ती अडचण न मानतां सूचना मानली. १९८३ मध्यें वॅग्नर, यंग व टॅननबाउम ह्यांनीं उंदरांस जीवाणूंच्या आवरणांतील विष टोंचून मुद्दाम ताप आणला, तेव्हां त्यांचें नायट्रेट अनेक पटींनीं वाढलें. ह्यावरून रोगाशीं झुंजणाऱ्या पेशींपैकींच कोणी तरी हें द्रव्य तयार करीत असावें, असा तर्क पुढें आला.

त्या पेशींची ओळख जगास फार पूर्वींच झाली होती. १८८२ मध्यें सिसिलींतील मेसिना गांवीं मेच्निकोफ ह्यानें तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोंचला, आणि त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा घोळका जमलेला पाहिला. शत्रूस गिळणाऱ्या ह्या पेशींस भक्षकपेशी म्हणतात. पुढें १९६० नंतरच्या दशकांत जॉर्ज मॅकनेस ह्यांनीं असें दाखविलें कीं, एका रोगांतून बचावलेल्या उंदराच्या भक्षकपेशी अधिक उग्र झालेल्या असतात, आणि त्या दुसऱ्या जातीच्या जंतूंसहि मारतात. ह्या अवस्थेंतील पेशींस उद्दीपित भक्षकपेशी असें नांव आहे. परंतु त्यांच्या हातीं नेमकें कोणतें हत्यार येतें, हें पुरतें उलगडलें नव्हतें.

मॅसॅच्युसेट्समध्येंच मायकेल मार्लेटा व डेनिस स्टूर ह्यांनीं १९८५ मध्यें उंदरांच्या भक्षकपेशी काचेच्या बशींत वाढवून त्यांत जीवाणूंचें विष घातलें. कांहीं तासांनंतर भोंवतालच्या द्रवांत नायट्राइट व नायट्रेट सांचूं लागलें. नायट्राइट ओळखण्याची कसोटी मात्र शंभर वर्षांची जुनी होती. इंग्लंडांतील बर्टन येथील बिअरच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या पीटर ग्रीस ह्या जर्मन रसायनज्ञानें ती १८७९ मध्यें दिली होती. द्रव गुलाबी झाला कीं नायट्राइट आहे असें समजावें. त्यांनीं आणखी एक पडताळा पाहिला. उंदरांची एक जात अशी आहे कीं, तिच्यावर हें विष चालत नाहीं. त्या जातीच्या उंदरांस विष टोंचलें असतां नायट्रेट वाढलें नाहीं. पण क्षयाच्या लशींतील निर्बळ जंतु टोंचतांच त्यांच्याहि देहांत तें वाढलें. कारखाना सर्वांपाशीं होता. एका जातीस केवळ एक हांक ऐकूं येत नव्हती.

तिकडे सॉल्ट लेक सिटींत जॉन हिब्स हे निराळ्याच प्रश्नाच्या मागें होते. त्यांस नायट्रेटाशीं कर्तव्य नव्हतें. उद्दीपित भक्षकपेशी कर्करोगाच्या पेशींस निकामी करतात, त्या वेळीं त्या पेशींतील लोह बाहेर पडतें व त्यांचा श्वसनव्यापार थांबतो, एवढें त्यांनीं पाहिलें होतें. हें घडतें कसें, ह्याचा शोध करतां करतां त्यांस आढळलें कीं, पेशींच्या खाद्यांतून आर्जिनीन हें एकच अमिनो आम्ल वगळलें, तर भक्षकपेशींची सारी मर्दुमकी संपते. १९८७ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, ह्या आर्जिनिनापासून एका बाजूस सिट्रुलीन व दुसऱ्या बाजूस नायट्राइट तयार होतें; आणि आर्जिनिनाची नक्कल करणारें एक बनावट द्रव्य दिलें, तर नायट्राइटहि बंद पडतें आणि संहारहि. त्याच वर्षीं मार्लेटा ह्यांच्या प्रयोगशाळेनें जड नत्राची खूण घातलेलें आर्जिनीन वापरून, नायट्राइटांतील नत्र तेथूनच येतो हें सिद्ध केलें.

पण नायट्राइट ही नुसती राख होती. जाळ कोणता, हें समजावयाचें राहिलें होतें. तो उलगडा तिसऱ्याच वाटेनें झाला. न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट ह्यांनीं १९८० मध्यें असें जाहीर केलें होतें कीं, रक्तवाहिनीचें आंतलें अस्तर एक क्षणजीवी द्रव्य सोडतें व त्यानें ती शिथिल होते. १९८७ मध्यें इंग्लंडांत साल्वादोर मोंकादा व अमेरिकेंत लुई इग्नारो ह्यांनीं तें द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायु असल्याचें दाखविलें. पुढील वर्षीं हिब्स व मार्लेटा ह्या दोघांच्याहि मंडळींनीं भक्षकपेशींतून निघणारें मूळ द्रव्य हाच वायु असल्याचें प्रसिद्ध केलें. आणि मोंकादा ह्यांनीं रक्तवाहिनींतील वायूचा उगमहि आर्जिनीनच आहे, हें दाखविलें. आहाराची चिंता करणारे, कर्करोगाचा अभ्यास करणारे आणि रक्तवाहिन्या तपासणारे, असे तीन पांथस्थ निरनिराळ्या गांवांहून निघून एकाच विहिरीवर येऊन भेटले.

ह्या शस्त्राची रीत अशी आहे. शांत भक्षकपेशींत तें नसतें. जंतूंची चाहूल व इतर पेशींनीं दिलेला इशारा मिळाला, म्हणजे पेशी एक नवें एंझाइम घडविते; तें आर्जिनिनांतील नत्राचा प्राणवायूशीं संयोग घडवितें. हा वायु अतिसूक्ष्म असल्यामुळें त्यास कोणतीहि पेशीभित्ति अडवूं शकत नाहीं. शत्रूच्या पेशींत शिरून तो तिच्या एंझाइमांतील लोहास चिकटतो व तिचा श्वसनव्यापार बंद पाडतो. हिब्स ह्यांस लोह गळतांना दिसलें तें ह्यामुळेंच. काम झाल्यावर त्या वायूचें नायट्राइट होतें. रक्तांत गेला तर तेथील हिमोग्लोबिन त्याचें नायट्रेट करून टाकतें, आणि तें मूत्रावाटे बाहेर पडतें. रक्तवाहिन्यांतूनहि हा वायु सतत थोडाथोडा निघत असल्यामुळें निरोगी मनुष्याच्या मूत्रांतहि अधिक नायट्रेट सांपडतें. १९१६ सालची शिल्लक अशी जुळली.

१९९२ मध्यें ह्या एंझाइमाचा जनुक हस्तगत झाला, आणि १९९५ मध्यें तो जनुक नसलेले उंदीर तयार करण्यांत आले. त्यांस क्षयाची बाधा झाली असतां ते त्या रोगापुढें फार लवकर नमतात, हें १९९७ मध्यें आढळलें. मनुष्याच्या बाबतींत मात्र इतकें सरळ उत्तर नाहीं. माणसाच्या भक्षकपेशी काचेच्या बशींत हा वायु फारच थोडा देतात. उलट, क्षयरोग्यांच्या फुप्फुसांतून काढलेल्या पेशींत तें एंझाइम स्पष्ट आढळल्याचें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. उंदरावरून मनुष्याकडे जातांना पाऊल जपून टाकावें, हेंच खरें.

ह्या सावधगिरीचा एक दारुण धडा वैद्यकास मिळालेला आहे. रक्तांत जंतुदोष भिनला कीं हा वायु देहभर सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो व रोगी दगावतो. मग हिब्स ह्यांनीं वापरलेल्या त्याच बनावट द्रव्यानें वायूचें उत्पादन बंद पाडलें तर? विचार तर्कशुद्ध होता. ७९७ रोग्यांवर परीक्षा योजली गेली. औषधानें रक्तदाब वर आलाहि. परंतु १९९८ मध्यें ती परीक्षा मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. अठ्ठावीस दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४९ रोगी मरण पावले होते, तर औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५९, असें २००४ मध्यें निघालेल्या अहवालांत नमूद आहे. तें औषध वायूचे सर्वच कारखाने सरसकट बंद करीत होतें. संहार करणारे कोणते व रक्ताची वाट मोकळी ठेवणारे कोणते, हा विवेक त्यास नव्हता. रक्तदाबाचा आंकडा सुधारला. माणूस मात्र वांचला नाहीं.

त्याच १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व फेरीद मुराद ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें रक्तवाहिन्यांवरील कार्याकरितां होतें. भक्षकपेशींचा माग काढणाऱ्यांचीं नांवें त्यांत नव्हतीं. इलिनॉयच्या त्या तिघांची तर आठवणहि फारशी कोणास उरलेली नाहीं. परंतु वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या साऱ्या इतिहासाचा आरंभ कोणत्याहि दिव्य कल्पनेंतून झाला नाहीं. येणें व जाणें ह्यांचा मेळ बसत नाहीं, हें प्रामाणिकपणें लिहून ठेवणारे तिघे जण आणि आजारी पडलेल्या स्वयंसेवकाचे आंकडे फेंकून न देणारे त्यांचे उत्तराधिकारी, एवढेंच त्याचें भांडवल. आणि त्या औषधाच्या परीक्षेचा शेवट पाहिला, म्हणजे हीच संवय रोग्याच्या खाटेपाशींहि तितकीच अवश्य आहे, हें पटतें. तेथें एक आंकडा जुळला म्हणून वही मिटवून चालत नाहीं.